शून्य दराची नीती

दानाची परीक्षा देणाऱ्याच्या हेतूवरून करावी की दानाच्या रूपावरून, हा नीतिविचारातील जुना प्रश्न आहे. डिसेंबर २०१५ मध्ये तो महाराष्ट्रातील एका शेतकऱ्याच्या नावाने नव्याने पुढे आला. 'फ्री बेसिक्स' या फेसबुकच्या योजनेच्या समर्थनार्थ मार्क झुकेरबर्ग यांनी 'टाइम्स ऑफ इंडिया'त लिहिलेल्या लेखात गणेश नावाचा शेतकरी येतो. मोफत मिळालेल्या सेवेतून तो हवामानाचा अंदाज घेतो, शेतमालाचे भाव पाहतो आणि अधिक चांगला सौदा करतो. त्याला पिकाची निगा नीट राखता आली तर इंटरनेटचे त्यात काय बिघडले, असा प्रश्न लेखक शेवटी विचारतो. प्रश्नाची रचनाच अशी आहे की, शंका घेणारा प्रत्येक जण शेतकऱ्याचा वैरी ठरावा.

योजनेचे स्वरूप थोडक्यात असे होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्याने 'इंटरनेट डॉट ऑर्ग' या नावाने ती महाराष्ट्रासह सहा राज्यांत सुरू झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात तिचे नाव बदलले. निवडक संकेतस्थळे विनाशुल्क पाहता येत, उरलेल्या इंटरनेटसाठी पैसे मोजावे लागत. ९ डिसेंबर २०१५ रोजी भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने आशयानुसार वेगळा दर आकारण्याच्या प्रश्नावर मते मागविली. ८ फेब्रुवारी २०१६ च्या विनियमाने असे भेददर निषिद्ध ठरले आणि अल्पावधीतच फेसबुकने भारतातून योजना मागे घेतली. कायद्यापुरता निकाल लागला. लेखातील प्रश्नाचे उत्तर मात्र त्या निकालाने पुरते दिले असे म्हणता येत नाही.

गणेश ही व्यक्ती वास्तवात असेल. त्या लेखात मात्र ती एक पात्र आहे. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८८ च्या आपल्या निबंधात एखाद्याच्या वतीने बोलणे आणि एखाद्याचे चित्र उभे करणे या 'प्रतिनिधित्वा'च्या दोन अर्थांची फारकत केली होती. झुकेरबर्ग यांच्या संहितेत हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळतात: गणेशचे चित्र रंगविले जाते आणि त्या चित्राच्या बळावर त्याच्या वतीने मागणी केली जाते. प्राधिकरणाकडे आलेल्या सुमारे २४ लाख प्रतिसादांतही हीच प्रक्रिया दिसते. त्यांतील बहुसंख्य फेसबुकच्या माध्यमातून आलेले, एकाच साच्यातील मजकुराचे होते आणि विचारलेल्या नेमक्या प्रश्नांना त्यांत उत्तर नव्हते. नावे लाखो, संहिता एक. विरोधकांच्या मोहिमेनेही तयार पत्रांचा आधार घेतला होता, हे येथे नोंदवले पाहिजे. दोन्ही बाजू गणेशविषयी बोलत राहिल्या. गणेशचे वाक्य कोणाच्याच कागदावर नव्हते.

त्या लेखातील 'महाराष्ट्रा'ला गाव नाही. सिद्धान्ताची कसोटी पाहायची तर त्याला गाव द्यावे लागते. यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचा झरी जामणी तालुका घ्यावा. पैनगंगेपलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा आहे. कापूस हे मुख्य पीक. गोंड आणि कोलाम या जमातींची वस्ती मोठी. कोलामांच्या पाड्याला येथे 'पोड' म्हणतात. महाराष्ट्रात केंद्र शासनाने विशेष असुरक्षित मानलेल्या तीन आदिवासी समूहांपैकी कोलाम हा एक. त्यांची कोलामी ही द्राविडी कुळातील भाषा असून तिच्यावरील मरे एमेनो यांचा ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. २०११ च्या जनगणनेत ती बोलणारे सुमारे १ लाख २८ हजार होते. तिला स्वतःची रूढ लिपी नाही. लिहायचीच तर अलीकडे देवनागरीत आणि नदीपलीकडे तेलुगू लिपीत. गाणे, गोष्ट, वंशकथा, औषधी झाडपाल्याचे ज्ञान, सारे तोंडातून कानात जाते.

अशा पोडावरील एखाद्या तरुणाने विनाशुल्क इंटरनेटचा स्वीकार केला असे कल्पिले, तर त्याला काय मिळाले असते? हवामान, भाव, आरोग्याची माहिती मिळाली असती आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण त्याला आपल्या आजीची गोष्ट तिच्याच आवाजात त्या जगात ठेवायची इच्छा झाली असती, तर? योजनेत सामील होण्याच्या तांत्रिक अटींनुसार चलचित्र, इंटरनेटवरून ध्वनिसंभाषण, मोठ्या छायाचित्रांचा भरणा आणि फाइलींची देवघेव यांना तेथे जागा नव्हती. अटींमागचे कारण वरकरणी निरुपद्रवी आणि तांत्रिकही होते: जाळ्यावर भार पडू नये. परंतु परिणाम तांत्रिक नव्हता. हलका मजकूर फुकट आणि आवाज विकत, असा दर जेव्हा ठरतो तेव्हा लिहिल्या जाणाऱ्या भाषांना मुभा मिळते आणि बोलल्या जाणाऱ्या भाषांवर कर बसतो. कोणीही कोलामीवर बंदी घातली नव्हती. बंदी घालण्याची गरजच नव्हती.

भेददराची खरी नैतिक अडचण येथे आहे. अभ्यवेक्षण जेव्हा आज्ञेच्या रूपाने येते तेव्हा ते ओळखू येते, त्याविरुद्ध न्यायालयात जाता येते. दराच्या रूपाने आलेली निवड वाचकाला स्वतःचीच निवड वाटते. न वाचलेल्या गोष्टी त्याने नाकारल्या नव्हत्या, त्या त्याच्यासमोर आल्याच नव्हत्या, हा भेद त्याच्या अनुभवात उरत नाही. समीक्षेच्या परिभाषेत सांगायचे तर शून्य दर हा अभिजातसंग्रह ठरविणारा अदृश्य संपादक असतो. आणि ज्याला प्रश्न विचारता येत नाही असा संपादक, तो कितीही उदार असला तरी, सत्ताधारीच असतो.

याविरुद्धचा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मुंबई-पुण्यातील, आधीच जोडल्या गेलेल्या सुशिक्षितांनी तत्त्वाच्या नावाखाली झरी जामणीतील माणसाच्या ताटातील अर्धी भाकर का काढून घ्यावी? उपाशी माणसाला अर्ध्या भाकरीचे तत्त्वज्ञान शिकविणे हे क्रौर्य नव्हे काय? भाकरीची उपमा प्रभावी आहे, पण ती जुळत नाही. भाकर खाल्ली की संपते. जाळे हे घेण्याचे तसेच देण्याचेही स्थान आहे. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हा त्यांची मागणी विद्येची होती. विद्या आणि माहिती यांतील अंतर येथे निर्णायक ठरते. माहिती मिळालेला शेतकरी भाव पाहतो. विद्या मिळालेला शेतकरी भाव कोणी ठरविला हे विचारतो आणि आपले उत्तर इतरांपर्यंत पोहोचवितो. गणेशच्या कथेत तो सतत पाहतो. बोलताना तो एकदाही दिसत नाही.

शिवाय दाता जे देत होता ते कोणाचे होते, हाही प्रश्न आहे. क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगॉल प्रकरणातील ९ फेब्रुवारी १९९५ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे म्हटले होते. म्हणजे ज्या लहरींवरून ही सेवा जाणार होती त्यांत पोडावरील माणसाचाही वाटा होता. त्याच्याच वाट्यातून त्याला काही देऊन दातृत्व मिरविणे म्हणजे आयजीच्या जिवावर बायजी उदार. मार्सेल मोस यांनी १९२५ च्या आपल्या निबंधात दाखविले होते की दान स्वीकारणाऱ्याला बांधून घेते, परतफेडीचे ऋण निर्माण करते. येथे परतफेड पैशाची नव्हती. विनाशुल्क सेवेची वाहतूक दात्याच्या मध्यस्थ यंत्रणेतून जात होती. परतफेड म्हणजे घेणाऱ्याच्या सवयींवर त्याची नजर असणे.

नंतरचा इतिहास या विवेचनाला आणखी गुंतागुंतीचा करतो. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि मार्च २०१७ अखेरपर्यंत ती ग्राहकांना डेटासाठी पैसे न घेता मिळत राहिली. हे भेददर नव्हते. सर्व आशय सारखाच फुकट होता, त्यामुळे विनियमाचा भंग नव्हता. आवाज आणि चलचित्र यांना वाट मिळाली, हे मान्य केले पाहिजे. पण पुढील काळात स्पर्धक कमी झाले, आणि एप्रिल २०२० मध्ये फेसबुकने ४३,५७४ कोटी रुपये देऊन जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ९.९९ टक्के हिस्सा घेतला. दारातून नाकारलेला दाता घराच्या मालकीत भागीदार झाला. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढविले. कोणत्या संकेतस्थळाला किती दर, हा प्रश्न २०१६ मध्ये सुटला. रस्ता कोणाचा आणि त्यावरचा पथकर कोण ठरवितो, हा सुटलेला नाही. अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी इंटरनेटवरून होणारी अभिव्यक्ती संविधानाने संरक्षित मानली, परंतु इंटरनेट मिळणे हाच हक्क आहे काय, यावर मत दिले नाही. तो युक्तिवादच न्यायालयापुढे झाला नव्हता.

झरी जामणीच्या संदर्भात या मौनाचा अर्थ सरळ आहे. समानतेचा नियम जोडल्या गेलेल्यांमध्ये भेद करू देत नाही; जो जोडलेलाच नाही त्याला तो काही देत नाही. म्हणून दानाला नकार देणाऱ्यांवर एक दायित्व येते: जे दान म्हणून नाकारले ते हक्क म्हणून मागण्याचे. ही मागणी जितकी दुबळी राहील तितका गणेशच्या नावाने विचारलेला प्रश्न त्यांच्याविरुद्ध उभा राहील.

गणेशला पीक नीट राखता आले तर इंटरनेटचे काहीही बिघडत नाही. बिघडते ते गणेशचे: जगाने त्याला पाहावे, त्याला दाखवावे, त्याच्या नावाने मागावे आणि त्याने मात्र दिलेल्या यादीबाहेर एक शब्दही पाठवू नये, अशी व्यवस्था त्याने आभार मानून स्वीकारली तर. पोडावरची आजीची गोष्ट फुकट ऐकायला मिळते की नाही, हा त्यामानाने दुय्यम प्रश्न आहे. ती सांगण्यासाठी कोणाची परवानगी लागू नये, हा पहिला.