हरणाऱ्यांच्या हक्काचे हसू

२००१ साली खेळावरचे दोन चित्रपट आले. आशुतोष गोवारीकरांचा 'लगान' ऑस्करच्या अंतिम यादीपर्यंत गेला आणि आपल्या अभिमानाचा विषय झाला. हाँगकाँगच्या स्टीफन चाऊचा 'शाओलिन सॉकर' हिंदी आवाज घेऊन केबलवरून आपल्याकडे आला. जाणत्यांनी त्याची दखल घेतली नाही, पोरांनी मात्र तो पुनःपुन्हा पाहिला. दोन्हींची कथा एकाच वळणाची आहे. ज्यांना कुणी खेळाडू म्हणणार नाही अशांचा संघ उभा राहतो आणि बलाढ्यांना हरवतो. 'लगान'मधली माणसे जिंकता जिंकता उदात्त होत जातात. 'शाओलिन सॉकर'मधली माणसे शेवटपर्यंत कचरा वेचणारी, संडास धुणारी, पोट सुटलेली, टक्कल पडलेलीच राहतात आणि तशीच जिंकतात. असल्या आचरट, कधी कधी अश्लाघ्य वाटणाऱ्या क्रीडापटांकडे लोक का ओढले जातात, याचे उत्तर मला या फरकात दिसते.

गंभीर क्रीडापटांना आपल्याकडे गेल्या वीस वर्षांत फार मान मिळाला. 'चक दे इंडिया', 'भाग मिल्खा भाग', 'मेरी कोम', 'दंगल' या चित्रपटांनी खूप काही दिले. मुलींना मैदानात उतरवण्याचे धैर्य त्यांनी कितीतरी घरांना दिले, हे मान्यच केले पाहिजे. पण या सगळ्यांची प्रेक्षकाकडे एक मागणी असते. पहाटे उठा, शरीर झिजवा, वेदना गिळा, मग तिरंगा वर जाईल. ज्याला शरीर कमावायला सवड आहे, त्याला हा उपदेश लागू पडतो. ज्याचे शरीर आधीच कुणाच्या तरी कामाला जुंपलेले आहे, त्याने काय करावे?

हा प्रश्न आपल्या बऱ्हाणपुरात जास्त टोचतो. मोगल काळापासून हे शहर कापडावर जगले. इथल्या मलमलीची नोंद तावेर्निएसारख्या फ्रेंच प्रवाशाने करून ठेवली आहे. आज इथे यंत्रमाग चालतात. लूमवर उभे राहून पाळी भरणाऱ्या माणसाचे पाय, कान आणि फुफ्फुसे दिवसभर पणाला लागलेली असतात. संध्याकाळी पडद्यावर आणखी घाम, आणखी शिस्त आणि आणखी त्याग दिसला, तर तो त्याला प्रेरणा म्हणून स्वीकारेलच असे नाही. फजिती होणारे, घसरणारे, ढेकर देणारे, तरीही मैदान न सोडणारे शरीर त्याला आपले वाटते.

गिरणीच्या गावाचे हे मन ज्याने नेमके ओळखले, असा एक अमेरिकी चित्रपट आहे. १९७७ चा 'स्लॅप शॉट', पॉल न्यूमन नायक असलेला. शिव्या आणि हाणामाऱ्या यांनी तो इतका भरलेला आहे की कुटुंबासह पाहणे कठीण. गावातली पोलाद गिरणी बंद पडते आहे आणि हजारो कामगार रस्त्यावर येणार आहेत. तिथला आइस हॉकीचा संघही मोडीत निघणार आहे. संघाची मालकीण सांगते की संघ विकण्यापेक्षा बुडीत दाखवलेला बरा, करात सूट मिळते. नॅन्सी डाउड या लेखिकेने भावाच्या संघासोबत राहून ही कथा लिहिली. तिला कळले होते की गिरणी आणि संघ एकाच हिशेबाच्या वहीत बुडवले जातात. शेवटच्या सामन्यात एक खेळाडू मारामारीत उतरायचे नाकारतो आणि बर्फावर एकेक कपडा उतरवत फिरतो. वरवर हा आचरटपणा वाटतो. प्रत्यक्षात ज्यांनी खेळाचा तमाशा करून ठेवला, त्यांच्या तोंडावर त्याने तो तमाशा परत फेकलेला असतो. २०२० च्या टाळेबंदीत राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या इतर गिरण्यांसोबत बऱ्हाणपूरची ताप्ती मिलही थांबली. ज्या गावाने भोंगा बंद होताना ऐकला आहे, त्याला 'स्लॅप शॉट' समजावून सांगावा लागत नाही.

आपल्याच पट्ट्यात मालेगावने तर हा आचरटपणा स्वतःच्या हाताने घडवला. तेही मागावर जगणारे गाव. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी तुटपुंज्या पैशांत 'मालेगाव के शोले' काढला आणि तिथून विडंबनपटांची रांग लागली. 'लगान'लाही मालेगावने आपल्या घरी आणले. २००८ च्या सुमारास 'मालेगाव का सुपरमॅन' तयार झाला. फैजा अहमद खान यांनी त्याच्या निर्मितीवर माहितीपट केला आणि रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' २०२५ मध्ये चित्रपटगृहांत आला. सुपरमॅन झालेले शफीक शेख यंत्रमाग कामगार होते, अंगाने काडी. त्या सुपरमॅनच्या चड्डीची नाडी लोंबत असे आणि तो तंबाखूच्या व्यसनाशी लढत असे. खुद्द शफीक यांना काही वर्षांतच तोंडाच्या कर्करोगाने नेले. त्या हसण्यामागे किती खरे आयुष्य होते, हे यावरून कळावे.

हे सगळे थिल्लर आहे, असा आक्षेप नेहमी येतो. तो आजचा नाही. भरताच्या नाट्यशास्त्राने हास्याचे सहा प्रकार सांगितले. स्मित आणि हसित उत्तम प्रकृतीच्या माणसांना दिले. डोळ्यांतून पाणी काढणारे, अंग गदगदवणारे अपहसित आणि अतिहसित अधम प्रकृतीच्या वाट्याला टाकले. म्हणजे हसण्याचीही उतरंड होती. तरीही शास्त्रकाराने ते मोठ्याने हसणे रंगभूमीवरून हाकलले नाही, त्याला जागा दिली. आपल्या तमाशातल्या सोंगाड्याने ती जागा पुढे चालवली. गिरणगावात वाढलेल्या दादा कोंडक्यांनी १९७१ च्या 'सोंगाड्या'पासून ती पडद्यावर आणली. त्यांचे नऊ चित्रपट पंचवीस आठवडे चालल्याची नोंद गिनीजच्या पुस्तकात झाली. तिकिटाच्या रांगेत उभी असलेली एवढी माणसे अभिरुचिहीन होती, असे म्हणणे हा आळस आहे. त्यांना काय मिळत होते, हे शोधणे हे समीक्षेचे काम आहे.

दुसरा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो टाळता येणार नाही. असले चित्रपट पुष्कळदा दुबळ्यांनाच बडवतात. तोतरेपणा, काळा रंग, ठेंगणेपणा, जाड बाई, बायकी पुरुष या भांडवलावर हिंदी विनोद वर्षानुवर्षे जगला. 'शाओलिन सॉकर'ही यातून सुटत नाही. त्यातल्या पाव वाफवणाऱ्या मुलीच्या डागाळलेल्या चेहऱ्यावर पुनःपुन्हा हशा पिकवला आहे, आणि तिथे तो चित्रपट स्वतःच्याच धर्माला चुकतो. म्हणून कसोटी भाषेची नको, दिशेची हवी. शिवी किती घाण आहे हे बघू नये, ती कुणाच्या अंगावर जाते ते बघावे. 'शाओलिन सॉकर'मधला उत्तेजक औषधे टोचून जिंकणारा संघ आणि खेळाडूचा पाय मोडवणारा पैसेवाला, 'स्लॅप शॉट'मधली करासाठी संघ बुडवणारी मालकीण यांच्यावर उडालेला चिखल मला कमी वाटतो. ज्याला आधीच सगळे हसतात त्याच्यावर उडालेला एक थेंबही जास्त होतो.

हे भान आपल्याकडच्या टेनिस बॉल क्रिकेटच्या मैदानावर आजही दिसते. तिथे माईकवरचा निवेदक सरपंचाच्या चेंडूपासून पंचाच्या चष्म्यापर्यंत कुणाला सोडत नाही. चांगला निवेदक शून्यावर बाद झालेल्या पोराला असा चिडवतो की ते पोर पुढच्या रविवारी पुन्हा बॅट घेऊन येते. वाईट निवेदक त्याला असा चिडवतो की ते घरी बसते. सगळा फरक तिथे आहे. हरण्याची लाज काढून घेणारा विनोद खेळ वाचवतो. लाज वाढवणारा विनोद त्याला मारतो.

आज खेळाडूंचे लिलाव होतात, त्यांच्या किमती मथळ्यांत येतात आणि जिंकणाऱ्याचा चेहरा जाहिरातींत फिरतो. हरणाऱ्याला विकत घेणारा कुणी नाही. बहुसंख्य माणसे खेळात, नोकरीत आणि आयुष्यात बहुतेक वेळा हरतात, आणि त्यांच्या वाट्याला प्रेरणेची भाषणे येतात. त्यांच्या बाजूने उभी राहणारी कला मोजकीच आहे. आचरट क्रीडापट, त्याच्या सगळ्या दोषांसकट, त्यातली एक आहे. समीक्षकांनी त्याला सरसकट हाकलण्याऐवजी त्यातले निर्दय काय आणि दयाळू काय हे निवडून सांगावे.

आणि बऱ्हाणपुरातल्या पोरांनो, मालेगावकडे तेव्हा साधा कॅमेरा होता, तुमच्या खिशात मोबाइल आहे. तुमच्या हरलेल्या संघावर सिनेमा काढा. हवे तेवढे चावट बोला, पडा, धडपडा, बड्यांची टर उडवा. फक्त ज्याच्याकडे हसून परत उत्तर द्यायची ताकद नाही, त्याच्या वाट्याला जाऊ नका.