पान टाक

हॉलबाहेर काढलं ते बरंच झालं, पण क्लिपा थांबेनात. पोकरच्या ‘वर्ल्ड सिरीज’च्या मुख्य स्पर्धेत बडबडे खेळाडू विल कॅसूफ 33व्या क्रमांकावर गारद झाले, जाताजाताही तोंड चालूच, आणि आयोजकांनी उरलेल्या मालिकेत पाऊल ठेवायची बंदी केली. मंगळवारी लोकलमध्ये समोरच्या इसमाने हेडफोन न लावता हे सगळं डब्याला ऐकवलं. (या जमातीबद्दल लिहिणं आता पुरे, असं संपादक म्हणतात. त्यांनी आधी स्वतः हेडफोन लावावेत.)

कॅसूफ यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचं एकच पालुपद आहे. बोलणं हा खेळाचाच भाग! ते स्वतः याला ‘स्पीच प्ले’ म्हणतात. माणूस कायदा शिकलेला आहे; बडबडीला नाव दिलं की तिची कला होते हे त्यांना ठाऊक असणारच. पत्ते पिसणं हा भाग, चिप्स लावणं हा भाग, समोरचा कशावर किती लावतो ते लक्षात ठेवणं हा भाग. आणि समोरचा विचार करत असताना ‘जोडी आहे ना? घाबरलात ना? बघा की माझ्याकडे’ असं त्याला कुरतडत बसणं, तोही भाग? मग उंदीरही धान्याच्या कोठीचा भागच म्हणायचा. मुलीच्या बापाला भर पंगतीत टोचून बोलणारे व्याही तरी वेगळं काय सांगत? ‘मनाला लावून घेऊ नका, लग्नाचाच भाग आहे.’ बिल्डरचा माणूस मला दुपारी दोनला उठवून ‘सर, बजेट काय?’ विचारतो, तो त्याच्या खेळाचा भाग. ढेकर हा जेवणाचा भाग आहे हे मलाही मान्य आहे. तो माझ्या कानाशी येऊन देऊ नये, एवढंच म्हणणं.

लोकांची करमणूक होते, असंही कोणी म्हणतं. होते. पुढे.

पोकरमध्ये फसवू नये असं मी म्हणत नाही. फुटकळ पानांवर मोठी रक्कम लावून बसणं हा सगळ्यांनी मिळून कबूल केलेला खोटेपणा आहे. 2016 मध्ये याच कॅसूफ यांच्या हातात सगळ्यात मोठं पान नव्वी होतं आणि समोरच्या बाईंकडे राणीची जोडी. बाई विचारात, हे बोलतायत. शेवटी बाईंनी राण्या टाकून दिल्या. माझी तक्रार नव्वीबद्दल नाही. विचारलं की उत्तर द्यावं, ही आपल्याला लहानपणी लावलेली सवय, आणि बडबड्या नेमका तिच्यावर जगतो. उत्तर दिलं तर आवाज कापतो, न दिलं तर आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं. याच स्पर्धेचा 2006 चा विजेता जेमी गोल्ड तर कधीकधी आपली पानं खरीखुरी सांगून टाकी. 8,773 खेळाडूंतून 1 कोटी 20 लाख डॉलर घेऊन गेला.

मग करावं काय? 2016 मध्येच कॅनडाच्या ग्रिफिन बेंजरने भर डावात कॅसूफना फैलावर घेतलं आणि लोकांनी टाळ्या पिटल्या. कॅसूफ यांच्याकडे राजांची जोडी होती, बेंजरकडे एक्क्यांची. हातात दोन एक्के असले की स्वाभिमान कोणालाही सुचतो. बाकीच्यांसाठी नियम आहेत. बडबड्या स्वतःच्या पाळीला वेळ काढत असेल तर पर्यवेक्षकाला बोलावून घड्याळ लावून घ्यावं. तिसरा माणूस डावात असताना हातातल्या पानांची चर्चा तर नियमातच बसत नाही. उरला प्रश्न आपल्या पाळीचा. बरेच जण तिथे गॉगल चढवतात. छपराखाली गॉगल लावणाऱ्यांबद्दलचं माझं मत वाचकांना पाठ आहे.

माझ्या आत्याला गॉगल लागला नाही. गणपतीत रात्री मेंढीकोट रंगायचा. पानं पदराशी धरलेली, मांडीखाली पाय दुमडलेला. काका खाकरायचे, खुणा करायचे, वाकून विचारायचे, ‘इस्पिकची दश्शी तुझ्याकडेच ना गं?’ आत्याचं उत्तर ठरलेलं. ‘पान टाक.’ दश्शी असली तरी तेच, नसली तरी तेच, आवाज तोच. काकांनी तिच्या चहाला नावं ठेवली तरीही तेच.

रविवारी भाच्याबरोबर पोकरला बसलो होतो. हा गोव्याला जाऊन मांडवीतल्या बोटीवर खेळून आलेला, त्यामुळे घरात गॉगल. ‘मामा, हलकंच पान दिसतंय?’ म्हणाला. मी आत्याचं स्मरण करून म्हटलं, ‘पान टाक.’

‘एवढं ओरडायला काय झालं,’ म्हणाला, आणि बिनधास्त रक्कम वाढवली. बावीस रुपये गेले.