ओसरीचा अर्थ सांगताना

जेम्स मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली मुंबईत छापला गेला. वाढवलेली दुसरी आवृत्ती 1857 ची. त्यातले घराच्या भागांचे शब्द मुद्दाम शोधून वाचावेत. देवघर, स्वयंपाकघर, कोठीघर सोपे: तिथे काय चालतं ते सांगितलं की परक्यालाही कळतं. ओसरी, पडवी, माजघर, परसू यांचं तसं नाही. ही नावं कामावरून पडलेली नाहीत, जागेवरून पडली आहेत. माजघरात धान्य ठेवा, बाळंतीण निजवा, बायकांची पंगत बसवा; ते माजघरच राहतं, कारण ते मधे आहे. मग अर्थ सांगायचा तर कोशकाराला पुढचा-मागचा भागही सांगावा लागतो. एका शब्दासाठी सगळं घर उभं करावं लागतं.

घराच्या या शब्दांतला खण मला फार मोलाचा वाटतो. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. घर किती खणांचं, असं विचारायचे. मोजायचं माप घराच्या सांगाड्यातूनच निघायचं.

शिवकाळातल्या राज्यव्यवहारकोशाचा हेतू निराळा होता. तिथे दुर्गवर्गासह दहा वर्गांत दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. गड होते तेच, नावं बदलायची होती.

अंधेरी, घाटकोपर, मुलुंडमध्ये उलट झालं. बैठी घरं पडली, टॉवर उठले आणि घर बदललं. हॉल, किचन, बेडरूम ही सगळी कामावरून पडलेली नावं. 'वन बीएचके' म्हणजे तर कामांची यादीच. इंग्रजी शिरली म्हणून ओसरी गेली, असं आपण हळहळून म्हणतो. मला ते पटत नाही. बाराव्या मजल्यावर परसू कशाच्या मागे असणार? नातंच उरलं नाही, तिथे शब्द कशाला धरून राहील? 2016 च्या रेरा कायद्यात कार्पेट एरियाची व्याख्या आहे. तीत आतल्या भिंती धरतात, पण फ्लॅटची बाल्कनी आणि व्हरांडा वगळतात. आत-बाहेरच्या मधला तो भाग, जिथे एके काळी ओसरी होती, या मापात येतच नाही.

माळा मात्र टिकला. बोरिवलीच्या नव्या फ्लॅटमध्येही न्हाणीघरावरच्या फळीला घरातली मंडळी माळाच म्हणतात. वरची बाजू अजून वरच आहे.