शत्रूच्या डोक्यावरची पगडी

अद्भुतकथा वाचून मुले बिघडतात, परी आणि जिन्न यांच्या नादाने अभ्यास बुडतो, अशी तक्रार आपल्या घरांतून नेहमी ऐकू येते. आम्हाला ती फारशी गंभीर वाटत नाही. उडणारा घोडा खरा नसतो, हे दहा वर्षांच्या मुलालाही कळते. खरा प्रश्न वेगळा आहे. गोष्टीतला घोडा खोटा असतो. पण कोणाचा तिरस्कार करायचा हे ती गोष्ट शिकवते, तेव्हा तो तिरस्कार खोटा असतो काय?

सी. एस. लुईस यांच्या नार्निया मालिकेची सात पुस्तके १९५० ते १९५६ या काळात प्रसिद्ध झाली. त्यांतील १९५४ च्या 'द हॉर्स अँड हिज बॉय'मध्ये दक्षिणेला कॅलोरमेन नावाचे साम्राज्य आहे. तेथले लोक सावळे, दाढीवाले, पगडी बांधणारे. हाती वाकडी तलवार. नार्नियाचे लोक गोरे आणि स्वतंत्र, तर हे क्रूर आणि गुलाम बाळगणारे. रत्नागिरीचे किंवा मालेगावचे एखादे मुस्लिम मूल हे वाचते, तेव्हा तेही नार्नियाच्याच बाजूने उभे राहते. आपल्या आजोबांसारखा दिसणारा माणूस पडला की तेही खूश होते.

लुईस यांनी चांगली कॅलोरमेनी माणसे रंगवली आहेत, हेही सांगितले पाहिजे. अराविस शूर आहे, ईमेथ प्रामाणिक आहे. परंतु अराविस आपला मुलूख सोडून पळते आणि ईमेथची भक्ती शेवटी नार्नियाच्या सिंहाच्या खात्यावर जमा होते. चांगले ठरायचे तर आपली बाजू सोडली पाहिजे. 'चांगला मुसलमान' हे शब्द ऐकत आलेल्या वाचकाला ही अट ओळखीची वाटेल.

मात्र ही अट केवळ परक्यांनीच घातली असे समजू नये. आपल्या वाडवडिलांनी मिटक्या मारीत ऐकलेली अमीर हमजाची दास्तान आठवा. 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे खंड लखनौच्या मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्यातून १८८३ पासून निघू लागले. अमर अय्यारच्या करामती आजही मन रिझवतात. पण हरलेल्या जादूगारापुढे तेथेही दोनच वाटा असतात: हमजाचा दीन स्वीकारा, नाहीतर मरा. नार्नियाला दोष देणाऱ्याने हा आरसाही पाहावा. विशेष म्हणजे ही दास्तान छापणारे नवलकिशोर हिंदू होते, आणि हिंदू वाचकांनीही ती आवडीने वाचली.

मग अद्भुतकथा टाकून द्यायच्या काय? आमचे मत तसे नाही. या प्रश्नाचे उत्तरही अद्भुतकथेनेच दिले आहे. टॉल्किन यांच्या १९५४ च्या 'द टू टॉवर्स'मध्ये दक्षिणेकडचा एक सावळा शिपाई मरून पडतो. सॅम नावाचा साधा माळी त्याला पाहून विचार करतो, याचे नाव काय असेल? हा मनाने खरोखरच दुष्ट होता, की कोणाच्या तरी खोट्या बोलण्याने किंवा धाकाने घरापासून इतका दूर आला? प्रसंग लहानसाच आहे, पण त्याने शत्रूला चेहरा दिला.

अर्सुला ले ग्विन यांनी १९६८ मध्ये 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' लिहून आणखी पुढचे पाऊल टाकले. त्यांचा नायक गेड तांबूस-सावळ्या वर्णाचा आहे. गर्वाच्या भरात तो एक काळी सावली जगात आणतो आणि तिच्या भीतीने पळत राहतो. अखेर समोरासमोर येताच तो तिला नावाने हाक मारतो; ते नाव त्याचे स्वतःचेच असते. २००४ च्या दूरचित्रवाणी मालिकेत गेडची भूमिका गोऱ्या नटाला दिली गेली, तेव्हा लेखिकेने जाहीर निषेध केला.

म्हणून पालकांना आमचे सांगणे एवढेच: मुलांच्या हातून पुस्तक हिसकावू नका. ते वाचून झाल्यावर त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, यातल्या शत्रूला आई होती का? तो कशासाठी लढत होता? नार्नियाबद्दल हे जरूर विचारा. हमजाबद्दल तर आधी विचारा. आपल्या शत्रूविषयी हा प्रश्न विचारायची सवय ज्या मुलाला लागेल, तेच उद्या दुसऱ्याला म्हणू शकेल की माझ्याविषयीही तो विचार.