एकच दस्तरखान, वेगळे ताट

घरातील एखाद्या मुलाला गहू सोसत नसेल, तर उर्वरित कुटुंबाचे कर्तव्य काय? वरकरणी हा प्रश्न स्वयंपाकघरातला वाटतो. वस्तुतः तो न्यायाचा आहे.

सीलिअ‍ॅक या विकारात गहू व जव यांतील ग्लूटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते. अन्न अंगी लागत नाही, मुलाची वाढ खुंटते. निदान झाल्यावर ग्लूटेन आयुष्यभर वर्ज्य करणे हाच उपचार. अल्पसा अंशही अपायकारक असल्यामुळे गव्हापाठोपाठ त्याच गिरणीत दळलेली ज्वारीसुद्धा अशा मुलाला चालत नाही.

तरीही वडीलधारी माणसे मायेपोटी म्हणतात, "बिस्मिल्लाह म्हणून एक घास खाऊ द्या, काही होत नाही." याला तवक्कुल म्हणता येणार नाही. प्रेषितांनी (स.) आधी उंट बांधण्यास व मग अल्लाहवर भरवसा ठेवण्यास सांगितले आहे. आजाऱ्याला तलबीना देण्याची सुन्नत आपणांस प्रिय आहे. परंतु ती जवाची असते. या मुलाला तिच्याऐवजी तांदळाची पेज दिल्याने सुन्नतचा अव्हेर होत नाही. आजाऱ्याला आराम मिळावा, हा तिचा हेतू त्यातूनच साधतो.

मग भावंडांनीही गहू सोडावा काय? अल्लाहने हलाल केलेले त्यांच्यासाठी हलालच आहे. एकदा प्रेषितांपुढे (स.) भाजलेला दब्ब, म्हणजे वाळवंटातील सरड्यासारखा प्राणी, ठेवण्यात आला. त्यांनी तो खाल्ला नाही, पण हरामही ठरवला नाही, हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांनी तो त्यांच्यासमोरच खाल्ला. सूरह नूरच्या 61 व्या आयतीत आजाऱ्यावर दोष नसल्याचे सांगितले आहे, आणि एकत्र वा वेगवेगळे जेवण्याची मुभाही तिथेच आहे. म्हणजे ताट वेगळे असणे हा अपमान नाही. ताट वेगळे म्हणून मुलाला दूर बसवणे, हा मात्र अपमान आहे.

हजरत नुमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांनी त्यांना एक देणगी दिली, तशी इतर मुलांना दिली नव्हती. प्रेषितांनी (स.) त्या देणगीचे साक्षीदार होण्यास नकार दिला व मुलांमध्ये न्याय करण्याची ताकीद दिली. न्याय म्हणजे सर्वांच्या मुखी तोच घास नव्हे. सर्वांच्या वाट्याला सारखाच आनंद. ईदला भावंडे शीरखुर्मा खात असता या मुलाने नुसते पाहत बसावे, हा न्याय नव्हे. त्याच्यासाठी तांदळाच्या शेवयांचा शीरखुर्मा स्वच्छ भांड्यात, सर्वांच्या आधी शिजावा. आठवड्यातून काही वेळा सर्वांनीच भात किंवा भाकरी खाल्ली, तर काय बिघडले?

आणि हा भार एकट्या आईवर का? प्रेषित (स.) स्वतः घरकामात हातभार लावत. वडिलांनी धान्य निवडून वेगळे दळून आणावे, भावंडांनी त्याचा डबा व तवा वेगळा राखावा, आजी-आजोबांनी दावतीला जाण्यापूर्वी यजमानांना कळवावे.

मूल ही अल्लाहची अमानत आहे. त्याचे शरीरही त्या अमानतीतच येते. ती जपण्याची तौफिक अल्लाह आपणां सर्वांना देवो. आमीन.