मूर्तिभंजकांच्या घरातील तसबिरी

कोरीव मूर्ती करू नये, या बायबलमधील आज्ञेचा अर्थ न्यू इंग्लंडमधील प्युरिटनांनी, म्हणजे चर्चची उपासना कर्मकांडापासून आणि प्रतिमांपासून शुद्ध करू पाहणाऱ्या प्रोटेस्टंटांनी, अत्यंत कठोरपणे लावला होता. तरीही त्याच समाजात १६७०च्या सुमारास जॉन फॉस्टरने धर्मोपदेशक रिचर्ड मॅदर यांचे व्यक्तिचित्र लाकडी ठशावरून छापले, आणि १७२८ मध्ये पीटर पेलमने त्यांचे नातू कॉटन मॅदर यांची छबी तांब्याच्या पत्र्यावर उतरवली. देवाची प्रतिमा निषिद्ध होती, देवाच्या सेवकाची नव्हती, आणि ही सवलतच पुढे राष्ट्रपुरुषांच्या वाट्याला आली. १८११ ते १८१३ या काळात अमेरिकेत राहिलेला रशियन मुत्सद्दी पावेल स्विनिन याने लिहून ठेवले आहे की, रशियात घरोघरी संतांच्या प्रतिमा असतात, त्याप्रमाणे वॉशिंग्टनचे चित्र घरात असणे अमेरिकन माणूस पवित्र कर्तव्य समजतो. त्याच १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत दाखल झाले, आणि त्यांच्या मिशनने मूर्तिपूजेचे खंडन हे आपल्या प्रचाराचे एक प्रमुख अंग केले.

या विसंगतीला दांभिकपणा म्हणून मोकळे होणे सोपे असले, तरी त्यामुळे खरा प्रश्न सुटत नाही. प्रतिमेसमोर दाखवलेला आदर जातो कोठे? ७८७ साली नायसिया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने असा निर्णय दिला होता की उपासना केवळ ईश्वराची, प्रतिमेला मात्र वंदन करता येते, कारण ते वंदन प्रतिमेपाशी न थांबता मूळ व्यक्तीपर्यंत पोहोचते. प्युरिटनांच्या विचारांचा पाया घालणारा धर्मसुधारक जॉन कॅल्विन याने हा भेद अमान्य केला होता. पण त्याच्याच परंपरेत वाढलेल्या कुटुंबांनी वॉशिंग्टनची तसबीर भिंतीवर लावली, तेव्हा त्यांचा व्यवहार नकळत नायसियाच्या बाजूने झुकला होता.

या सिद्धान्ताची खरी कसोटी एडवर्ड सॅव्हेजच्या ‘वॉशिंग्टन कुटुंब’ या मुद्राचित्रात लागते. १७९६ मध्ये पूर्ण केलेल्या तैलचित्रावरून सॅव्हेजने ते तांब्याच्या पत्र्यावर ठिपक्यांच्या पद्धतीने, म्हणजे दाट-विरळ टिंबांतून छायाप्रकाश साधत, तयार केले आणि १७९८ मध्ये प्रसिद्ध केले. खुद्द वॉशिंग्टनने त्याच्या प्रती मागवल्या होत्या. डावीकडे वॉशिंग्टन बसला आहे आणि त्याचा हात नातवाच्या खांद्यावर आहे. मेजावर नियोजित राजधानीचा नकाशा पसरला असून त्याची पत्नी मार्था मिटलेल्या पंख्याने त्यावरील एक मार्ग दाखवत आहे. नातवंडे मार्थाच्या पहिल्या विवाहातील मुलाची, वॉशिंग्टनला स्वतःचे अपत्य नव्हते; म्हणजे राष्ट्रपिता म्हणून ज्याची प्रतिमा घरोघरी गेली, त्याचे पितृत्व रक्ताचे नसून पालनाचे होते, आणि चित्राचा हा भाग मनाला खरोखर भिडतो. परंतु उजव्या कडेला, मार्थाच्या मागे, गणवेशातील एक कृष्णवर्णीय सेवक सावलीत उभा आहे. विल्यम ली, ख्रिस्तोफर शील्स अशी वॉशिंग्टनच्या घरातील गुलामांची नावे त्याच्यासाठी सुचवली गेली, पण एकही निश्चित ठरलेले नाही.

वंदन मूळ व्यक्तीपर्यंत जाते असे मानले, तर या माणसाकडे पाहणाऱ्याचा आदर कोणापर्यंत जाणार? नायसियाच्या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : प्रतिमा कोणाची, हे पाहणाऱ्याला ठाऊक असते. गुलामगिरीने नेमके तेच ज्ञान नाकारले. तिने माणसाला चित्रात जागा दिली, ती मालकाच्या वैभवाची खूण म्हणून. याची दुसरी बाजू आणखी एक राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन याच्या घरी आढळते. त्याच्या मुलांची आई असलेली सॅली हेमिंग्ज ही गुलाम स्त्री नावाने इतिहासाला परिचित आहे, पण तिचे एकही चित्र उपलब्ध नाही. तिचे स्मरण करणाऱ्याला वंदनासाठी प्रतिमा मिळत नाही, तरीही तो आदर तिच्यापर्यंत पोहोचतो. सॅव्हेजच्या चित्रातील सेवकाला आकृती मिळाली, पण त्याला उद्देशून केलेले वंदन अजून वाटेतच अडलेले आहे.