काळे पुस्तक आणि धर्मपरिपृच्छा

हिंदी भाषकाने 'संशोधन' म्हटले, की त्याच्या मनात कायद्यातील अथवा घटनेतील दुरुस्ती असते. ज्ञानाच्या शोधाला तो 'शोध' किंवा 'अनुसंधान' म्हणतो. मराठीने मात्र तोच शब्द ज्ञानाच्या शोधासाठी योजला, आणि असे करताना, बहुधा नकळत, विद्येच्या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकावर एक व्रत लादून ठेवले. 'शुध्' या धातूचा अर्थ निर्मळ होणे. वैद्यकात पाऱ्याचे शोधन होते, मुशीत सोन्याचे होते, आणि दोन्ही ठिकाणी हीण निघून जाऊन मूळ द्रव्य मागे राहते. मग संशोधक म्हणविणारा मनुष्य शोधन करतो ते कशाचे? शिळा, वृक्ष, बोली, बाजारभाव, यांपैकी काहीही मळलेले नसते. ते जसे असते तसेच असते. मळ असलाच तर तो पाहणाऱ्याच्या समजुतीत असतो. तेव्हा संशोधन ही केवळ माहिती जमविण्याची एक रीत आहे, की ती चित्तशुद्धीचीही साधना आहे, हा प्रश्न दिसतो तितका शाब्दिक नाही. त्याचे उत्तर आपण काय देतो, यावर विद्यापीठ हे विद्येचे पीठ राहणार की दाखल्यांचे दप्तर होणार, हे अवलंबून आहे.

परीक्षांचे दिवस जवळ आले, म्हणजे वसई, नालासोपारा आणि विरार येथील स्थानकांबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानांत पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींची झुंबड उडते. त्यांच्या हाती पेनड्राइव्ह असतो, मुखी एकच शब्द असतो: 'ब्लॅक बुक'. काळ्या रेक्झिनच्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत छापलेल्या संशोधन-प्रकल्पाला मुंबई आणि तिच्या उपनगरांतील विद्यार्थ्यांनी दिलेले हे नाव. त्या पुस्तकाचा क्रम मंदिरातील षोडशोपचारांइतका ठरलेला: प्रथम मार्गदर्शकाचा दाखला, मग 'हे काम माझे स्वतःचे आहे' अशी प्रतिज्ञा, मग ईश्वर, आईवडील आणि प्राचार्य यांना नमन करणारा ऋणनिर्देश, मग उद्दिष्टे, गृहीतके, मित्रमंडळींच्या व्हॉट्सॲप गटांत फिरविलेली गूगल फॉर्मची प्रश्नावली, रंगीत वर्तुळालेख, आणि अखेरीस असा एक निष्कर्ष, की जो प्रश्नावली पाठविण्यापूर्वीही कोणालाही सांगता आला असता. पुष्कळदा तर गेल्या वर्षीच्या कोणा 'दादा'चे पुस्तकच नाव पालटून, अस्सलबरहुकूम नक्कल होऊन, यंदाच्या मुलाच्या हाती येते. आणि आपले काम आपलेच असल्याची प्रतिज्ञा तेवढी तीत यथास्थित असते. सत्यशोधनाच्या ग्रंथाचे पहिलेच पान असत्य असावे, याची खंत ना लिहिणाऱ्याला वाटते, ना सही करणाऱ्याला.

हा दोष मुलांच्या माथी मारून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल, कारण मुले जे पाहतात तेच करतात. पदोन्नतीसाठी शोधनिबंधांची संख्या मोजली जाऊ लागल्यापासून अध्यापकवर्गातही पैसे भरून निबंध छापून घेण्याची प्रथा रुजली, ती इतकी की २०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाला आपल्याच मान्य यादीतून चार हजारांहून अधिक नियतकालिके काढून टाकावी लागली. त्याच वर्षीच्या नियमांनी वाङ्मयचौर्याच्या पायऱ्याही ठरविल्या: दहा टक्क्यांपर्यंत साम्य क्षम्य, चाळीसपर्यंत सौम्य, साठपर्यंत त्याहून गंभीर, त्यापुढे अत्यंत गंभीर. कायद्याला माप लागते, त्यामुळे या व्यवस्थेला मी नावे ठेवीत नाही. परंतु प्रामाणिकपणाची टक्केवारी ठरली, की प्रामाणिकपणाचा प्रश्न मनातून उठून यंत्रात जातो, आणि शब्द फिरवून नऊ टक्क्यांवर आणलेला निबंध निष्कलंक गणला जातो.

या साऱ्याला लबाडी म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण लबाड मनुष्याला आपण काही लपवीत आहोत, हे ठाऊक असते. येथे तसे नाही. येथे सर्व जण एक विधी श्रद्धेने अथवा निदान निर्वेधपणे उरकीत आहेत, आणि त्या विधीचे फळ विधीतच आहे अशी त्यांची समजूत आहे. धर्मविचारात याला कर्मकांड म्हणतात. म्हणून या रोगाचे निदानही धर्मविचाराकडेच मागावे. आणि योगायोग असा, की ते या मुलखाच्याच मातीत सापडते.

वसईजवळच्या भुईगावात १९५६ साली अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा एक खंड सापडला. या नवव्या लेखाचा विषय 'मंगल' हा आहे. आजारपणात, मुलामुलींच्या विवाहात, अपत्यजन्माच्या वेळी, प्रवासाला निघताना लोक नाना प्रकारची मंगलकृत्ये करतात, असे सम्राट त्यात सांगतो. ती करू नका, असे फर्मान मात्र तो काढीत नाही. करावीत, पण त्यांचे फळ अल्प असते, असे तो म्हणतो, आणि महाफल देणारे मंगल कोणते ते सांगतो: दास व सेवक यांच्याशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयी संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान. विधी मोडायचा नाही, त्याच्या फळाची किंमत तेवढी नेमकी सांगायची, आणि मग माणसाचे लक्ष विधीकडून वृत्तीकडे वळवायचे, ही ती नीती. काळ्या पुस्तकालाही तीच लागू पडते. ते बंद करा, असे म्हणणारे लोक आहेत. मी त्यांच्यातला नाही. ते असावे, परंतु ते अल्पफल मंगल आहे, हे विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगितले जावे.

मग महाफल कोणते? त्याचे उत्तर भुईगावापासून जवळच असलेल्या सोपाऱ्यात १८८२ साली मिळाले आहे. त्या वर्षी पंडित भगवानलाल इंद्रजी यांना तेथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा खंड आढळला. या पंडितांनी कोणत्याही विद्यापीठाची परीक्षा दिलेली नव्हती. जुनागढचे हे गृहस्थ बालपणीच गिरनारच्या पायथ्याच्या शिळेवरील अक्षरांच्या नादी लागले, पुढे डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठी देशभर फिरून लेखांच्या प्रती घेत राहिले, आणि अखेर हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली. गिरनारच्या शिळेवर बाळपणी जी अक्षरे वाचली, तीच प्रौढ वयात सोपाऱ्याच्या भग्न दगडावर ओळखली. एका माणसाच्या आयुष्याचा याहून सुसंगत प्रकल्प कोणता असेल?

त्या आठव्या लेखात सांगितले आहे, की पूर्वीचे राजे विहारयात्रांना जात, मृगयादी करमणुकीत रमत. परंतु राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर देवानांप्रिय राजा संबोधीला गेला, आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाली. या धर्मयात्रेत काय करावयाचे, त्याचा तपशील लेख देतो: श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन, वृद्धांचे दर्शन व त्यांना दान, जानपद लोकांची भेट, धर्माचा उपदेश, आणि शेवटी धर्मपरिपृच्छा, म्हणजे धर्माविषयीची विचारपूस. उपदेशानंतर परिपृच्छा आली आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्याच्या आज्ञेपुढे सारा देश वाकत होता, त्या राजाने जनपदात जाऊन विचारपुशीला स्थान द्यावे, ही आमच्या संशोधनाची पहिली व्याख्या मानावी असे मला वाटते.

आमची महाविद्यालये वसईचा किल्ला पाहण्यास जातात, १७३९ साली चिमाजी अप्पांनी तो जिंकल्याचे सांगतात, छायाचित्रे काढतात आणि परततात; ती विहारयात्रा झाली, आणि तिलाही माझी हरकत नाही. परंतु समजा, सामवेदी ख्रिस्ती घरातील एखाद्या मुलीने आपल्या आजीच्या तोंडची कादोडी बोली टिपण्यास घेतली, आणि शब्द जमविता जमविता ती सामवेदी ब्राह्मणांच्या ओटीवर जाऊन बसली, तर तेथेही तीच बोली तिच्या कानी पडेल. आणि 'ही आमची भाषा' या वाक्यातील 'आमची' हा शब्द, जो तिने आजवर कधी तपासला नव्हता, तो तिला तपासावा लागेल. शब्दांची यादी परीक्षकाकडे जाईल. तो तपासलेला 'आमची' तिच्यापाशी राहील. धर्मयात्रा म्हणतात ती हीच.

येथे दोन पूर्वपक्ष उभे राहतात, आणि त्यांना बगल देऊन पुढे जाणे योग्य नव्हे.

पहिला श्रद्धावंतांचा. ते म्हणतात, बोली तपासा, बाजार तपासा. पण आमचे पवित्र स्थान तपासू नका, कारण तपासणीच्या हाताने पावित्र्य भंगते. या आक्षेपाची कसोटी पाहावयाची तर सोपाऱ्याच्या स्तूपाइतके उचित स्थळ नाही. लोक ज्याला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत, तो उंचवटा १८८२ मध्ये भगवानलालांनी उकरला. आत विटांच्या पोकळीत एक दगडी पेटी निघाली. तीत मधोमध तांब्याचा करंडक आणि त्याच्या भोवती आठ लहान धातुमूर्ती, सात मानुषी बुद्धांच्या व आठवी मैत्रेयाची. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडी, त्यात स्फटिकाचा, त्यात सोन्याचा. आणि सोन्याच्या करंडकात मृत्तिकापात्राचे तेरा क्षुद्र तुकडे. पाच करंडकांच्या गाभाऱ्यात मातीच्या खापऱ्या! ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे असावेत, असे पंडितांचे मत होते. सोबत सोन्याची फुले होती, आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे.

उत्खननाने पावित्र्य भंगले काय? याचे उत्तर त्या मूर्तीच देतात. नाणे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाकडे बोट दाखविते, मूर्ती घडणीवरून आठव्या-नवव्या शतकातील ठरतात. अर्थात मधल्या काळात कोणीतरी, आणि ते भाविकच असणार, तो स्तूप उघडला, आतील वस्तू पाहिल्या, त्यांच्याभोवती आठ मूर्ती मांडल्या आणि तो पुन्हा बंद केला, असे अनुमान निघते. उघडणे हे श्रद्धेच्या विरुद्ध नव्हते. राहता राहिला त्या खापऱ्यांचा प्रश्न. त्या कोणाच्या हाती होत्या, हे माती सांगू शकत नाही. पण इतक्या आदराने त्या कोणी जपल्या, हे करंडक निःसंशय सांगतात. संशोधनाने जेवढे कळते तेवढेच सांगावे, आणि श्रद्धेने न कळलेल्या भागाला सिद्ध झाल्याचा शिक्का मारू नये, एवढी कबुलायत उभयपक्षी झाली, तर भांडणाला जागाच उरत नाही.

दुसरा पूर्वपक्ष आधुनिकांचा, आणि तो अधिक बळकट आहे. ते म्हणतात, संशोधनात संशोधकाच्या चित्ताचा संबंधच काय? तापमापकाला चित्तशुद्धी लागत नाही. दुर्जनाने मोजलेले तपमानही तेच भरते. पद्धती शुद्ध असली म्हणजे पुरे.

याच्या उत्तरासाठी मी सोपाऱ्याच्याच एका रहिवाशाला साक्षीला बोलावतो. पाली 'उदान' ग्रंथात बाहिय दारुचीरिय याची कथा आहे. तिच्यावरील अट्ठकथा, म्हणजे टीका, सांगते, की जहाज फुटून तो सुप्पारकाच्या, म्हणजे सोपाऱ्याच्या, किनाऱ्याला लागला. अंगावर वस्त्र नव्हते म्हणून झाडाच्या साली गुंडाळल्या. आणि लोकांनी त्याला सत्पुरुष समजून पूजिण्यास आरंभ केला. मान मिळू लागला, आणि एके दिवशी बाहियाच्या मनात आले, की जगात जे अर्हत, म्हणजे मुक्त झालेले, आहेत त्यांपैकी आपण एक असू काय? तेव्हा त्याच्या पूर्वजन्मीच्या आप्तांपैकी एका देवतेने त्याला स्पष्ट सांगितले, की तू अर्हत नाहीस, आणि ज्या मार्गाने तसे होता येते तो मार्गही तुला सापडलेला नाही. दुसरा कोणी असता तर देवतेवर रागावला असता. बाहिय त्याच क्षणी श्रावस्तीच्या वाटेला लागला. तेथे बुद्ध भिक्षाटनाला निघालेले. ही वेळ नव्हे, असे दोनदा ऐकूनही त्याने तिसऱ्यांदा विनविले. आणि भर रस्त्यात त्याला जो उपदेश मिळाला त्याचा आशय असा, की पाहिलेल्यात केवळ पाहिलेलेच असू दे, ऐकलेल्यात ऐकलेलेच, जाणलेल्यात जाणलेलेच. म्हणजे मग त्यात 'तू' उरणार नाहीस. बाहियाला तेवढ्याने पुरले. थोड्याच वेळात एका गाईच्या धडकेने त्याला मृत्यू आला. बुद्धांनी त्याला सत्वर जाणणाऱ्यांत अग्रणी म्हटले.

या उपदेशाचा पूर्वार्ध कोणत्याही प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावण्याजोगा आहे: जे दिसले तेवढेच टिपा, त्यात आपले अनुमान मिसळू नका. उत्तरार्ध मोक्षशास्त्राचा आहे: त्यात 'मी' मिसळू नका. आधुनिक मनुष्य पूर्वार्ध घेतो आणि उत्तरार्ध मठवासीयांना देऊन टाकतो. परंतु निरीक्षणात अनुमान मिसळते ते कोणामुळे? आपले गृहीतक खरे ठरावे ही इच्छा तापमापकाला नसते हे खरे. ती तापमापक वाचणाऱ्याला असते, कोठे मोजावे व कोठे मोजू नये हे ठरविणाऱ्याला असते, न जुळणारा आकडा वहीतून गाळणाऱ्याला असते. म्हणूनच न्यायशास्त्राने आपल्या सोळा पदार्थांत प्रमाण आणि प्रमेय यांच्या लगोलग संशयाला बसविले. पद्धती शुद्ध ठेवणारा अखेर मनुष्यच असतो, म्हणून चित्तशुद्धी पद्धतीच्या बाहेरची गोष्ट ठरत नाही.

महाराष्ट्रातील विद्यापीठांमध्ये २००६ पासून 'आविष्कार' ही संशोधन-स्पर्धा भरते. तीत मानव्यविद्येपासून वैद्यकापर्यंत सहा विभाग आहेत, आणि विद्यार्थ्यांबरोबर अध्यापकही आपले काम मांडतात. अशा मंडपात एखादा मुलगा परीक्षकापुढे उभा राहून, आपले गृहीतक चुकीचे निघाले असे निर्भयपणे सांगतो, तेव्हा त्याला बक्षीस मिळो न मिळो, बाहियाचा वारसा तेथे चालू असतो. ती निर्भयता त्याला आपल्या गुरूंपासून मिळावी, एवढीच अपेक्षा.

यासाठी नवा कायदा नको, नवी समितीही नको. काळ्या पुस्तकात प्रतिज्ञापत्रानंतर एक पान वाढवावे, आणि त्यावर दोनच गोष्टी लिहाव्यात: काम हाती घेताना मी काय खरे मानीत होतो, आणि त्यातले काय खोटे ठरले. हे पान कोणाकडून उतरवून घेता येणार नाही, कारण ज्याची चूक त्यालाच ती ठाऊक. अध्यापकांना माझी विनंती अशी, की हे पान मुलांकडून मागण्यापूर्वी आपल्या शेवटच्या निबंधासाठी ते एकदा स्वतः लिहून पाहावे. आणि लिहिण्यासारखे काही सुचले नाही, तर त्या निबंधाचे काम अजून व्हावयाचे आहे असे समजावे.